गुडघ्यातली झीज लघवीत कशी दिसते?

सोयाबीनच्या सोंगणीत दिवस दिवस उकिडवं बसलेल्या बाईचा गुडघा दिवाळीच्या सुमारास बोलायला लागतो. लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात काय किंवा आणखी कुठल्या गावात काय, पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी तेल लावून शेक, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, आणि तरीही उठताना हात टेकावाच लागला की एसटी धरून मोठ्या गावी जाऊन एक्स-रे. डॉक्टर ती काळी फिल्म उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, ‘गादी झिजलीय.’

ती फिल्म घरी आणून नीट पाहिली तर प्रश्न पडायला हवा. तिच्यात मांडीचं हाड दिसतं, नडगीचं हाड दिसतं, वाटी दिसते. गादी कुठे आहे? कुठेच नाही. जिला आपण गुडघ्यातली गादी म्हणतो, ती कूर्चा एक्स-रेमध्ये उमटतच नाही, कारण हाडातलं कॅल्शियम हे किरण अडवतं आणि कूर्चेत अडवण्यासारखं फारसं काही नसतं. डॉक्टर पाहतात ती दोन हाडांमधली मोकळी दिसणारी फट. फट अरुंद झाली म्हणजे मधली कूर्चा पातळ झाली, असा तो अंदाज असतो. मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये या फटीवरून आणि हाडांच्या कडेला फुटणाऱ्या कोंबांवरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. आजही रिपोर्टमध्ये ‘ग्रेड दोन’, ‘ग्रेड तीन’ असं लिहून येतं ते त्याच हिशेबाने.

या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. गुडघ्यातली कूर्चा दोन ते चार मिलिमीटर जाडीची. तिची फट डोळ्यांना कळण्याइतकी कमी व्हायला वर्षं जातात. म्हणजे एक्स-रे आजवर किती गेलं ते सांगतो. आत्ता, या महिन्यात, कूर्चा तुटतेय की थांबलीय, हे त्याला सांगता येत नाही. आणि कूर्चा स्वतःही ओरडत नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. दुखतं ते भोवतालचं अस्तर, हाड आणि स्नायू. त्यामुळे फिल्म वाईट पण दुखणं कमी, आणि फिल्म चांगली पण दुखणं फार, अशी दोन्ही प्रकारची माणसं सापडतात.

मात्र एक गोष्ट नक्की. कूर्चा तुटत असेल तर तिचे तुकडे कुठेतरी जात असणार. ते सांध्यातल्या वंगणात उतरतात, तिथून लसिकेच्या वाटेने रक्तात, आणि जे लहान असतात ते मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीत. मग लघवीच्या बाटलीत ते तुकडे शोधता येतील का? येतात. कसे, ते समजून घ्यायचं तर आधी कूर्चेची बांधणी पाहायला हवी.

कापूस आणि खोळ

गादी हा शब्द इथे उपमा म्हणूनही चपखल बसतो, तेव्हा पिंजाऱ्याने भरलेली कापसाची गादीच डोळ्यांसमोर आणू. तिच्यात दोन गोष्टी असतात. आत पिंजलेला कापूस, जो फुगायला बघतो. बाहेर जाड कापडाची खोळ आणि दोऱ्याचे टाके, जे त्याला फुगू देत नाहीत. या दोघांच्या ओढाताणीतून गादीला ताठपणा येतो. नुसत्या कापसाच्या ढिगावर बसलं तर तो दबून पसरतो, नुसती खोळ तर चादरच.

कूर्चेतला कापूस म्हणजे अ‍ॅग्रेकन नावाचं प्रथिन. त्याच्या कण्याला साखरेच्या शंभरेक लांब साखळ्या लटकलेल्या असतात आणि त्या साखळ्या पाणी ओढून धरतात. म्हणूनच कूर्चेच्या वजनातला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग नुसतं पाणी असतं. हे पाणी तिला फुगवायला बघतं, आणि तिला आवरून धरते ती खोळ, म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं.

कोलॅजन कातडीत, हाडात, शिरांमध्ये सगळीकडे असतं, पण त्याचे प्रकार वेगळे. कातडी आणि हाडात मुख्यतः पहिला प्रकार, तर कूर्चेत दुसरा. या धाग्याची रचना उलगडण्यात भारताचा वाटा मोठा आहे. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून कोलॅजनचा धागा बनतो, हे मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडलं. हा पीळ इतका घट्ट असतो की शरीरातली बहुतेक प्रथिनं तोडणारी विकरं (म्हणजे रासायनिक काम घडवून आणणारी प्रथिनं, एन्झाइम) त्याच्यापुढे हात टेकतात.

आणि हा धागा जवळजवळ आयुष्यभराचा असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली हिशेब मांडला, तेव्हा कूर्चेतलं निम्मं कोलॅजन बदलायला ११७ वर्षं लागतील असं निघालं. कातडीच्या कोलॅजनला हाच काळ १५ वर्षं. याचा अर्थ असा की वयात येईपर्यंत जी खोळ शिवली गेली, तिच्यावरच माणसाला म्हातारपणापर्यंत निभवायचं असतं. अ‍ॅग्रेकन गेलं तर पेशी ते काही प्रमाणात पुन्हा बनवतात. खोळ फाटली की मात्र पहिल्यासारखी शिवली जात नाही. म्हणून कोलॅजनचा तुकडा लघवीत दिसणं ही साधी बातमी नसते.

कोण कातरतं आणि कुठे?

झीज म्हटलं की आपल्याला बैलगाडीच्या धावेसारखी घासून होणारी झीज आठवते. थोडी तशी असतेही. पण ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या वाढत्या वयातल्या सांधेदुखीत, कूर्चा बरीचशी आतूनच कातरली जाते. जास्तीचा भार, जुनी दुखापत, वय, सांध्यातली सूज यांमुळे कूर्चेतल्या पेशी स्वतःच कापणारी विकरं सोडू लागतात.

ही विकरं कुठेही कापत नाहीत. प्रत्येकाची जागा ठरलेली. कोलॅजनेज नावाचं विकर कोलॅजनच्या धाग्यावर एकाच ठिकाणी घाव घालतं आणि त्याचे पाऊण आणि पाव असे दोन भाग करतं. पीळ सुटला की उरलेलं काम दुसरी विकरं करतात. अ‍ॅग्रेकनला कापणारी विकरं वेगळी, त्यांना अ‍ॅग्रेकनेज म्हणतात. त्यांची ओळख १९९९ मध्ये पटली. तीही अ‍ॅग्रेकनच्या कण्यावर ठरावीक जोडावरच बसतात.

ही ठरलेली जागाच तपासणीचा पाया आहे. खोलीतला केर झाडताना कापसाचा पुंजका सापडला तर तो गादीचा की उशीचा, हे सांगता येत नाही. पण कात्रीने कातरलेली खोळीची कड सापडली तर दोन गोष्टी एकदम कळतात. कापड कोणत्या गादीचं, आणि ते कातरलं गेलं आहे. शाबूत गादीत तशी कड नसतेच. कूर्चेचंही तसंच. अखंड धाग्यात जे टोक अस्तित्वातच नव्हतं, ते कापल्यावर नव्याने तयार होतं. शास्त्रज्ञांनी ठरवलं की शोधायचं ते हे नवं टोक. मात्र त्यासाठी ते टोक ओळखणारं काहीतरी हाताशी हवं, आणि तेही लघवीत विरघळलेल्या असंख्य पदार्थांच्या गर्दीतून. ते काम अँटीबॉडी करते.

अँटीबॉडी: ओळखण्यात पटाईत

अँटीबॉडी किंवा प्रतिपिंड म्हणजे परक्या वस्तूला नेमकं पकडणारं प्रथिन. शरीर ती स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं, पण माणसाने तिला बाहेर काढून कामाला लावलं त्यालाही शंभर वर्षं उलटून गेली. साप चावल्यावर दिलं जाणारं इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या रक्तातून मिळवलेल्या अँटीबॉडीच. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव महाराष्ट्राला त्यामुळेच माहीत आहे. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचत जातात, त्याचं शरीर त्या विषाविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, आणि त्या वेगळ्या काढून माणसाला देतात.

आशाताईच्या पिशवीतलं ‘निश्चय’ किटही अँटीबॉडीवरच चालतं. त्या पट्टीवर लघवीचे थेंब टाकले की गरोदरपणातलं एक संप्रेरक पट्टीवरच्या अँटीबॉडीत अडकतं आणि रेघ उमटते. कूर्चेची तपासणी त्याच जातीची आहे. फरक इतकाच की गरोदरपणाच्या पट्टीला ‘आहे की नाही’ एवढं सांगून भागतं, इथे ‘किती’ ते मोजावं लागतं.

कूर्चेच्या कापलेल्या टोकासाठी अँटीबॉडी बनवतात ती अशी. प्रथिनं अमिनो आम्लांची साखळी असतात. शास्त्रज्ञ हव्या त्या टोकाची नक्कल प्रयोगशाळेत बनवतात. कोलॅजनच्या शेपटीकडच्या एका तुकड्यासाठी ती फक्त सहा अमिनो आम्लांची आहे: ग्लुटामिक आम्ल, लायसिन, ग्लायसिन, प्रोलिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि पुन्हा प्रोलिन. इतक्या लहान वस्तूकडे शरीर लक्ष देत नाही, म्हणून ती एका मोठ्या प्रथिनाला जोडून उंदराला टोचतात. उंदराच्या प्लीहेतल्या ज्या पेशी हवी ती अँटीबॉडी बनवतात, त्यांचा संकर न मरणाऱ्या कर्कपेशींशी करतात. संकरित पेशी वाढत राहते आणि एकाच साच्यातली अँटीबॉडी वर्षानुवर्षं देत राहते. ही युक्ती केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली, आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

यानंतर येते खरी कसोटी. तयार झालेल्या शेकडो अँटीबॉडींमधून अशी निवडायची की जी कापलेलं टोक धरील पण न कापलेला धागा धरणार नाही. डेन्मार्कमधल्या गटाने २००१ मध्ये जाहीर केलेली अँटीबॉडी या कसोटीला उतरली. त्या सहा अमिनो आम्लांच्या पुढे आणखी एक जोडलं तरी ती त्याला ओळखत नाही. म्हणजे टोक तिथेच संपलेलं असेल तरच पकड बसते. या तुकड्याला ‘सीटीएक्स-टू’ म्हणतात. सी म्हणजे साखळीचं शेवटचं टोक, टू म्हणजे दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन.

त्याआधी, १९९७ मध्ये, कॅनडात रॉबिन पूल यांच्या गटाने कोलॅजनेजचा तो पहिला घाव, पाऊण भागाचं टोक, ओळखणारी अँटीबॉडी बनवली होती. अ‍ॅग्रेकनच्या कापलेल्या टोकासाठीही १९९० च्या दशकातच अँटीबॉडी तयार झाल्या. स्वीडनमधल्या लुंड शहरात डिक हाइनगोर्ड यांच्या प्रयोगशाळेने कूर्चेतलं ‘कॉम्प’ हे पाच पाकळ्यांचं प्रथिन ओळखलं आणि १९९२ पासून ते रक्तात मोजायला सुरुवात झाली.

रंग फिका, तर झीज जास्त

ही मोजणी ‘एलायझा’ नावाच्या पद्धतीने होते. स्टॉकहोममध्ये इवा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्येही तशीच पद्धत स्वतंत्रपणे तयार झाली. आधी अशी मोजमापं किरणोत्सर्गी पदार्थ वापरून करावी लागत. एलायझात त्याऐवजी रंग वापरतात, म्हणून ती साध्या प्रयोगशाळेतही करता येते.

प्लास्टिकची एक तळहाताएवढी थाळी असते, तिच्यात ९६ छोटे खळगे. सीटीएक्स-टूची तपासणी साधारण अशी चालते:

१. प्रत्येक खळग्याच्या तळाशी प्रयोगशाळेत बनवलेले सहा अमिनो आम्लांचे तुकडे चिकटवलेले असतात.

२. त्यात रुग्णाची लघवी आणि ठरावीक मापाची अँटीबॉडी टाकतात. आता अँटीबॉडीसमोर दोन पर्याय: तळाशी चिकटलेला तुकडा पकडायचा, किंवा लघवीत तरंगणारा.

३. काही तासांनी खळगा धुतात. तरंगत्या तुकड्यांना धरलेल्या अँटीबॉडी त्यांच्यासकट वाहून जातात. तळाला धरून बसलेल्या तेवढ्या उरतात.

४. उरलेल्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी टाकतात. तिच्या शेपटीला रंग बनवणारं विकर जोडलेलं असतं.

५. पुन्हा धुऊन त्यात रंगहीन द्रव टाकला की विकर त्याचा निळा रंग करतं. थोडं आम्ल घालून तो पिवळा करून थांबवतात आणि यंत्राने रंगाचा गडदपणा मोजतात.

आता गंमत अशी की लघवीत कूर्चेचे तुकडे जितके जास्त, तितक्या अँटीबॉडी त्यांच्यामागे वाहून जाणार आणि रंग तितका फिका पडणार. निश्चयच्या पट्टीवर रेघ उमटली तर ‘आहे’. इथे उलट, रंग उतरला तर ‘आहे’. असा उलटा मार्ग धरायचं कारण तुकड्याच्या आकारात आहे. गरोदरपणाचं संप्रेरक मोठं असतं, त्याला दोन बाजूंनी दोन अँटीबॉडी धरू शकतात. सहा अमिनो आम्लांच्या टोकावर एकाच अँटीबॉडीला कशीबशी जागा मिळते. दुसरी कुठे बसणार? कॉम्पसारख्या मोठ्या प्रथिनासाठी मात्र दोन अँटीबॉडींची सरळ पद्धत चालते, आणि तिथे गडद रंगाचा अर्थ जास्त असाच असतो.

एक तांब्या पाणी आणि सकाळची वेळ

आकडा मिळाला, पण तो लगेच मानता येत नाही. उन्हात काम करून आलेल्या माणसाची लघवी घट्ट, तांब्याभर पाणी प्यायलेल्याची पातळ. दोघांची कूर्चा सारखीच तुटत असली तरी पातळ लघवीत तुकडे विरळ दिसणार. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजतात. हा स्नायूंमधून रोज साधारण एकाच मापाने बाहेर पडणारा पदार्थ आहे. तुकड्यांचं प्रमाण क्रिएटिनिनच्या प्रमाणाने भागलं की पाण्याचा फरक निघून जातो.

या भागाकारातही एक खाच आहे. अंगावर मांस नसलेल्या, वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात क्रिएटिनिनच कमी बनतं. खालचा आकडा लहान झाला की भागाकार मोठा येतो, आणि झीज आहे त्याहून जास्त भासते. आपल्या खेड्यांतल्या वृद्धांचे नमुने तपासताना हे विसरून चालणार नाही.

वेळेचाही परिणाम होतो. सीटीएक्स-टू सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं, म्हणून नमुना रोज एकाच वेळी, बहुतेक वेळा सकाळची दुसरी लघवी, असा घेतात. रक्तातलं कॉम्प तर अर्धा तास चाललं तरी वाढतं, कारण चालताना कूर्चा दाबली जाऊन तिच्यातलं पाणी पिळून निघतं. म्हणून रक्त देण्यापूर्वी माणसाला काही वेळ स्वस्थ बसवावं लागतं. एसटीतून उतरून तरातरा चालत आलेल्या माणसाचं रक्त लगेच काढलं तर आकड्यात कूर्चेच्या तुटण्याबरोबर त्या चालण्याचाही हिशेब येईल.

वय विसरलं तरी घोटाळा होतो. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात आणि तिथे कूर्चा तुटून हाड बनत राहतं. त्यामुळे धडधाकट दहा वर्षांच्या मुलाचं सीटीएक्स-टू मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त निघतं. तो आजार नव्हे, उंची वाढतेय त्याची खूण.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

या तपासणीत दम आहे का, हे पाहायला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ५५ वर्षांवरच्या १,२३५ लोकांचा अभ्यास झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं सीटीएक्स-टू सगळ्यात वरच्या चौथाईत होतं, त्यांच्या गुडघ्याची झीज पुढे वाढण्याची शक्यता खालच्या चौथाईतल्या लोकांच्या सहापट निघाली. हा मोठा फरक आहे. हातात धरलेल्या एका बाटलीने एक्स-रेच्या आधी काहीतरी सांगितलं होतं.

पण समूहाबद्दल खरं असलेलं एका माणसाबद्दल खरं असेलच असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या ६०० रुग्णांमध्ये असे अनेक पदार्थ एकत्र मोजले होते. तिथेही सीटीएक्स-टू उपयोगी ठरलं, पण नुसत्या आकड्यावरून अमक्याचा गुडघा बिघडेल आणि तमक्याचा टिकेल, असं छातीठोक सांगण्याइतकं नाही. कारणं समजण्यासारखी आहेत. लघवीत येणारे तुकडे दोन्ही गुडघ्यांचे, खुब्यांचे, बोटांचे, शिवाय मणक्यांमधल्या चकत्यांचेही असतात. आकडा सगळ्यांची बेरीज सांगतो, उजवा गुडघा की डावा हे सांगत नाही. हाडांची उलाढाल वाढली, उदाहरणार्थ पाळी गेल्यानंतर, की सीटीएक्स-टू वाढतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या काही औषधांनी ते उतरतं. म्हणजे त्यातला काही भाग कूर्चा आणि हाड यांच्या सीमेवरून येत असावा.

सांध्यात सुई घालून वंगणच काढलं तर त्याच सांध्याचं कळेल, हे खरं. पण त्यासाठी सुई टोचावी लागते, आणि निरोगी गुडघ्यातून तपासणीपुरतं वंगण काढणंही सोपं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सांधेदुखीसाठी ‘आरए फॅक्टर’, ‘अँटी-सीसीपी’ या तपासण्या होतात. त्यांच्यातही अँटीबॉडीचं नाव येतं, पण तिथे रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटीबॉडी आहेत का हे शोधतात. तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. कूर्चेच्या तपासणीत अँटीबॉडी रुग्णाची नसते, ती प्रयोगशाळेचं हत्यार असते. युरिक अ‍ॅसिड, सीआरपी किंवा आरए फॅक्टर यांतल्या कशानेही गादी किती झिजली हे कळत नाही. ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मग गुडघा का दुखतो?’ या घरोघरच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

भिगवण आणि पुणे

सांधेदुखी खेड्यात किती आहे, हे महाराष्ट्राला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दाखवलं. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या पद्धतीने तिथे घरोघर पाहणी केली. गावातल्या ४,०९२ प्रौढांपैकी १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं होतं. ऑस्टिओआर्थ्रायटिस ५.८ टक्के लोकांत होता, तर ज्याची आपण जास्त धास्ती घेतो तो आमवात जेमतेम अर्धा टक्का. शंभरात सहा हा आकडा लहान वाटेल, पण तो तरुणांसकट सगळ्या प्रौढांचा आहे.

कूर्चेचं तुटणं मोजण्याचं कामही पुण्यात झालं आहे, जरा वेगळ्या रीतीने. भूषण पटवर्धन, अरविंद चोप्रा आणि इतरांच्या गटाने २००७ मध्ये अश्वगंधा आणि २००८ मध्ये आवळा यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गुडघ्याच्या रुग्णांच्या कूर्चेचे तुकडे प्रयोगशाळेत पोषक द्रवात ठेवले, काहींत वनस्पतीचा अर्क घातला, काहींत नाही, आणि द्रवात अ‍ॅग्रेकनच्या साखरेच्या साखळ्या किती सुटतात ते मोजलं. काही रुग्णांच्या कूर्चेत अर्कामुळे गळती कमी झाली, सगळ्यांच्या नाही. काचेच्या भांड्यात कूर्चेशिवाय दुसरं काहीच नसल्याने तिथे पडलेला कापूस कुणाचा, हा प्रश्नच येत नाही. माणसाच्या लघवीत तो येतो, कारण तशा साखळ्या शरीरात इतरत्रही असतात. कापलेलं टोक ओळखणारी अँटीबॉडी लागते ती तिथे. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की भांड्यातल्या तुकड्यावर चाललेला अर्क पोटातून घेतल्यावर गुडघ्यात तसाच चालेल, हे अशा प्रयोगाने सिद्ध होत नाही.

मग आपण काय करायचं?

सीटीएक्स-टूची तपासणी आज मुख्यतः संशोधनात वापरली जाते. नेहमीच्या उपचारात ती अजून रुजलेली नाही, आणि तिच्या आकड्यावरून बदलावा असा उपचारही हातात नाही. खोळ परत शिवणारं औषध अजून सापडलेलं नाही. ते शोधणाऱ्यांना मात्र ही तपासणी मोलाची आहे. औषध चाललं की नाही हे एक्स-रेवर कळायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, लघवीतले तुकडे काही महिन्यांत बोलू लागतात. शिवाय ज्यांची कूर्चा खरोखर वेगाने तुटतेय अशीच माणसं प्रयोगासाठी निवडता येतात.

तोवर गुडघेदुखीसाठी जे उपयोगी आहे ते बिनरिपोर्टचं आहे. वजन एक किलोने उतरलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही सेकंद धरणं, रोज केला तर दुखणं कमी होतं. निंदताना, सोंगताना उकिडवं बसण्याऐवजी बुटका पाट घेता आला आणि अधूनमधून उठून चार पावलं चाललं तर तेवढा भार हलका. सांधा गरम, लाल, सुजलेला असेल आणि ताप असेल तर मात्र घरी शेक देत बसू नये. सकाळी तासाहून जास्त वेळ बोटं आखडून राहत असतील तर आमवाताची तपासणी करावी.

या तपासणीचा एक गुण खेड्यांच्या फार कामाचा आहे. एमआरआयचं यंत्र सुलतानपूरला नेता येणार नाही, पण लघवीची बाटली बर्फात ठेवून शहरात नेता येते. भिगवणसारखी पाहणी पुन्हा कुठे झाली तर प्रश्नावलीबरोबर बाटल्याही गोळा करता येतील. मात्र त्याआधी एक काम व्हायला हवं. रॉटरडॅमचे लोक खुर्चीवर बसतात, आपली माणसं जमिनीवर. त्यांचं वजन वेगळं, स्नायू वेगळे, आहार वेगळा. वऱ्हाडातल्या निरोगी बाईचा आकडा किती असतो हे ठरवल्याशिवाय दुखऱ्या बाईचा आकडा जास्त की कमी, हे सांगता येणार नाही. आधी धडधाकट गुडघ्यांची मोजदाद, मग दुखऱ्या गुडघ्यांचा निवाडा.

चौकट : थोडक्यात

• एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. हाडांमधल्या फटीवरून ती किती उरली याचा अंदाज बांधतात.

• कूर्चेत कोलॅजनचं जाळं आणि पाणी धरणारं अ‍ॅग्रेकन असतं. गेलेलं अ‍ॅग्रेकन काही प्रमाणात परत बनतं, कोलॅजन जवळजवळ नाही.

• विकरं ठरलेल्या जागी कापतात, त्यामुळे नवं टोक तयार होतं. खास निवडलेली अँटीबॉडी तेवढंच टोक ओळखते.

• सीटीएक्स-टू लघवीत मोजतात, कॉम्प मुख्यतः रक्तात. सीटीएक्स-टूच्या तपासणीत रंग फिका म्हणजे तुकडे जास्त.

• पाण्याचं प्रमाण, दिवसाची वेळ, चालणं, वय, पाळी जाणं, काही औषधं यांनी आकडा बदलतो.

• आकडा सगळ्या सांध्यांची बेरीज असतो. तो संशोधनाला उपयोगी आहे, एका गुडघ्याचा निकाल लावायला अजून नाही.

• आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, युरिक अ‍ॅसिड या वेगळ्या आजारांच्या तपासण्या आहेत. त्या नॉर्मल आल्या तरी कूर्चा झिजलेली असू शकते.